दोन टक्के

बोर्ड बुधवारी बसतं.
म्हणजे डॉक्टर बसतात.
आम्ही उभे.

ससूनच्या त्या लांबलचक व्हरांड्यात
सहा खुर्च्या, चाळीस माणसं.
'अपंग नव्हे, दिव्यांग म्हणा' असं लिहिलेल्या भिंतीला
टेकून टेकून
भिंतीचा तेवढा पट्टा तेलकट झालेला.

भिंताडे उज्ज्वला, वय सत्तेचाळीस.
आधारची झेरॉक्स, रंगीत फोटो तीन,
मणक्याचे काळे फोटो
साडीच्या दुकानाच्या पिशवीत.
"वाका."
वाकले.
"आणखी."
आणखी.
त्यांच्या हातात कोनमापक,
कंपासपेटीत असायचं त्याचा थोरला भाऊ.
कंबर किती अंशात वाकते ते लिहून घेतलं.
रात्री तीनला कूस बदलण्याआधी
मी किती वेळ विचार करते,
त्याला रकाना नव्हता.

आणि सकाळी गोळी घेतलेली.
ती न घेता दोन जिने उतरून
इथवर पोचले कशी असते?
गोळीनं मला बोर्डापुढे नेलं
आणि बोर्डापुढे छान वाकवलं.

अडतीस टक्के.
पास, सवलत, गाडीचं स्टिकर, सगळं चाळिसाच्या पुढं.
"दोनच कमी पडले हो," कारकून हळहळले,
भाचीचा दहावीचा निकाल लागावा तसे.
"पुन्हा बसा की."
बसता आलं असतं तर, म्हटलं,
पण मनात.

या शहरात सम तारखेला गाडी रस्त्याच्या या अंगाला,
विषमला त्या.
माझ्या पाठीचंही तसंच आहे,
फक्त कुठल्या दिवशी काय
याची पाटी कुणी लावलेली नाही.
सोमवारी मी पोहे करते, अंगणवाडीसारखी गाणी म्हणते,
मंगळवारी चहाचा कप
दोन्ही हातांनी धरते.
सोसायटीतल्या परचुरेबाईंनी मला सोमवारी पाहिलेलं असतं.

ऑफिसखालच्या पार्किंगला लिंबाजी होता, उदगीरकडचा.
दाराजवळ चाकाच्या खुर्चीचं पिवळं चित्र,
त्यावर एका साहेबांची मोटार कायमची.
तिच्या शेपटाशी स्कूटरपुरती जागा
तो वीट ठेवून राखायचा.
"ताई, हितं लावा."
"माझ्याकडं कार्ड नाही, लिंबाजी."
"म्या कुठं मागितलं?
गाडी स्टँडला लावली तरी
तुमी घटकाभर हँडल सोडत न्हाई.
मी बघतोय की रोज."

इतकंच.
कोनमापक नाही, फोटो तीन नाहीत.
मी वर जाऊन बाथरूममध्ये नळ सोडून
नीट रडून घेतलं, मग पंच केलं.
सात मिनिटं उशीर.

दिवाळीनंतर लिंबाजी दिसला नाही.
कंत्राट बदललं म्हणे.
नवीन पोराच्या गळ्यात शिट्टी.
"कार्ड?"
वीट कुणीतरी मोटारीच्या चाकाखाली लावलेली.
मी टोकाला, उन्हात.
तिथून लिफ्ट एकशे बारा पावलं,
लिफ्ट चालू असली तर.
शहाऐंशीव्या पावलाला एक खांब आहे,
त्याच्याशी माझी चांगली ओळख झाली आहे.
पोराचा राग नाही. त्याला सांगितलं असेल तेच तो करतो,
आणि मी खरंच
त्याच्यासमोरून चालतच तर जाते.

आज पुन्हा बुधवार.
गोळी ओट्यावर, वाटीखाली झाकून ठेवली आहे.
घेतलेली नाही.
दोन जिने उतरायला बावीस मिनिटं लागली,
मधल्या मजल्यावर परचुरेबाईंच्या दारातल्या
चपलांच्या रॅकवर बसले.
त्यांनी दार उघडलं, पाहिलं,
आणि पहिल्यांदाच काही न विचारता
पाणी आणून दिलं.

गोळी न घेतलेली पाठ घेऊन निघाले आहे,
जशी आहे तशी, इस्त्री न केलेली.
खोटं नाही हे. तरी चोरी केल्यासारखं
का वाटतंय?

रिक्षावाल्यानं आरशातून विचारलं,
"ससूनला कोण ॲडमिट आहे, मावशी?"
"हळू घ्या," म्हटलं,
"पुढं खड्डा आहे."